खोगिराखालचे दस्तगीर जमादार

सुरुवात चोरीपासनंच करतो. माळेवाडीच्या चावडीवरनं जमादारसायबांचं खोगीर म्या चोरलं. भर दिवसा. कडब्याच्या पेंढीत गुंडाळलं, डोक्यावर घेतलं आन् दोन कोस लांब टाकळीला नेलं. त्याला आता चार वर्सं झाली. घरात, दारात, देवाम्होरंबी बोललो न्हाय.

आमचे शाळंचे गुरुजी म्हणले, जमादारसायबांच्या साठीच्या वहीत लिव्हायचं म्हंजी आधी वळख कशी झाली ते, मंग त्यांचं काम, मंग गुण, मंग आपल्यावर झालेले उपकार, आन् शेवटाला आयुष्य मागायचं. समदं आदरानं लिव्ह म्हणले. म्या म्हणलं, गुरुजी, आमची वळखच चोरीतनं झाली, तिला आदर कुठनं आणू? तर म्हणले, खरं लिव्ह, आदर आपोआप येतोय. आता गुरुजींचा शब्द म्या का मोडावा? त्यांच्या टोपीत एकदा सरडा ठिवला हुता, त्याची फेड समजा. त्याच साली माझी शाळा सुटली. तिसरीचं पुस्तक अजून कोरं हाय, पायजे असंल तर बघाया या.

वही एकच हाय, हातानं लिव्हलेली. ती ईट गावच्या मठाच्या ओसरीवर वाचायची, जमादारसायेब म्होरं बसलेले असताना. ऐकणारी तुमी पंचवीस-तीस माणसं, समदी त्यांच्या जवळची, म्हून एवढी हिंमत करतो.

दस्तगीर जमादार मूळचे नळदुर्गाकडचे. आमच्या ठाण्याला आले तवा माझा जल्म बी झाला नसंल. उंच, वाळकं अंग, डोईला फेटा, आवाज असा की शेजारच्या माणसालाबी कान द्यावा लागतोय. त्यांच्याकडं तीस गावं. मधी डोंगर, वढे, पाऊस लागला की चिखल. आन् हाताखाली माणसं किती, तर दोन. गंगाराम शिपायाचा गुडघा धरलेला, त्यो ठाण्यातच बसून वही लिव्हायचा. लतीफ शिपाई आर्धा महिना धाराशिवच्या वाटंवर, कधी कैदी घेऊन, कधी टपाल घेऊन. राहिले जमादारसायेब आन् त्यांची मैना घोडी. तीस गावाला एक माणूस आन् एक घोडी, हिशेब तुमीच करा.

तरीबी आमच्या भागात कुणाची हिंमत व्हायची न्हाय. त्याचं कारण त्ये खोगीर. जमादारसायेब गावात आले की घोडीवरनं खोगीर उतरवून चावडीच्या कट्ट्यावर ठिवायचे. मंग कुणी म्हणायचं घोडी चरायला सोडलीया, कुणी म्हणायचं सायेब पायीच फिरत्यात, आत्ता मळ्यात दिसले. खोगीर कट्ट्यावर हाय तवर समदं गाव हळू बोलायचं. आंब्याखालचा जुगार मोडायचा. शिंदीची मडकी पालथी व्हायची. बायकूवर हात उचलणारा गडी त्याच हातानं पाणी भराया जायचा. आन् खोगिराला कुणी बोट लावायचं न्हाय, लेकरूबी न्हाय. नेम न्हाय म्हणायचे सायबांचा, कुठनं निघतील.

म्या लावलं. त्याचं कारण कोंबडी.

हुरड्याचे दिस हुते. समदं गाव रानात, माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकतंय. गावात म्हातारी माणसं आन् चावडीवर येसू कोतवाल. त्योबी दुपारच्याला शिंदी मारून खांबाला टेकलेला. म्या घरी भाकरी न्यायला आलो, तर पाटलाची तांबडी कोंबडी खोगिरात बसलेली. उठली, तर खाली अंडं. दुसऱ्या दिशी दुसरं. तिसऱ्या दिशी तिसरं. कोतवालानं तिन्ही अंडी कोनाड्यात ठिवली, जमादारसायबांची म्हून. म्या इचार केला, जो माणूस गावात हाय त्यो तीन दिसात एकदातरी आपल्या खोगिराला हात लावंल का न्हाय? कोंबडीला हाकलंल का न्हाय? म्हंजी खोगीर हितं हाय आन् माणूस न्हाय.

आता हे कळल्यावर गप बसणारा म्या न्हवं. टाकळीच्या पोरांनी कुस्तीच्या फडात माझी लई टर उडवली हुती, धोतर सुटलं म्हून. म्हणलं, ह्ये खोगीर नेऊन त्यांच्या चावडीवर ठिवायचं आन् देवळामागं बसून गंमत बघायची. अख्खं गाव कसं शाणं हुतंय ते. लगनाचं वय झालेला घोडा म्या, पण अक्कल तेवढीच.

टाकळीचीबी चावडी मोकळी हुती. पेंढी खाली ठिवली, इकडं तिकडं बघितलं, पेंढी सोडाया गेलो आन् हात तसाच राहिला. कट्ट्यावर खोगीर हुतंच. तेच. डाव्या कोपऱ्याला फाटलेलं, वर तांबड्या कातड्याचं ठिगळ. म्या पेंढीत हात घालून माझ्या खोगिराचा डावा कोपरा चाचपला. ठिगळ. कडबा बाजूला करून बघितलं. तांबडंच.

गावाला वाटायचं घोडी एक तर खोगीर एक. जमादारसायबांनी दुसरं शिवून घेतलं हुतं, आन् जाणून-बुजून एकाच जागी फाडून एकाच रंगाचं ठिगळ लावलं हुतं. तिथं उभ्या उभ्या माझ्या अंगावर काटा आला. असलं डोकं म्या उभ्या जल्मात बघितलं न्हवतं, आन् खोड्यांच्या बाबतीत म्या सवताला लई मोठा समजत हुतो.

तेवढ्यात पाठीमागनं हळू आवाज आला. "कडबा कुणाच्या जनावराला रे?"

वळून बघतो तर जमादारसायेब. म्या म्हणलं, "तुमच्याच घोडीला, सायेब."

"माझी मैना कातडं न्हाय खात," म्हणले, आन् काठीनं पेंढी दाबली. आतनं खोगीर कुरकुरलं. "कुठलं?"

"माळेवाडीचं."

त्यांचं तोंड एकदम उतरलं. मला वाटलं आता काठी बसंल. काठी उठली न्हाय. त्यांनी एवढंच इचारलं, कवा उचललं, कुणी बघितलं का, मंग म्हणले, "चल. बैठ पीछे."

मैनेवर तिसरं खोगीर हुतं. म्या त्यांच्या मागं, मांडीवर चोरीचा माल. टाकळीचा वढा ओलांडल्यावर त्यांनी सांगितलं. म्हणले, त्ये खोगीर चावडीवर न्हवतं ठिवलेलं. "तुझ्या बापाच्या आन् चुलत्याच्या मधी ठिवलं हुतं."

हितं घरचं सांगावं लागतंय. आमचा बा आन् तात्या, म्हंजी माझा चुलता, हे सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या, बांध पडला, आन् बांधाकडच्या चार तासांवरनं, म्हंजी जवारीच्या चार ओळींवरनं बिनसलं. बा म्हणायचा, माझी. तात्या म्हणायचा, माझी. जवारी पोटऱ्यातनं बाहेर पडली तसा दोघांचा आवाज चढला. कोण आधी कापतंय ते बघू, असं दोघंबी गावभर बोलून बसलेले. पण दहा दिस झाले, कुणी कापत न्हवतं. रोज सकाळी रानात जाताना दोघंबी चावडीकडं मान वळवून बघायचे. मला वाटायचं मारुतीला नमस्कार करत्यात. त्ये खोगीर बघायचे, आन् म्या त्ये उचलून नेलं हुतं.

जमादारसायबांनी मैनेला टाच मारली. वाटभर घोडी हाणली. ती म्हातारी मैना दोघांचं वझं घेऊन कशी पळाली, आजबी आठवतंय. म्या मागं बसून बाचं तोंड आठवत हुतो. सकाळी भाकरी खाताना त्यो माझ्यावर कावला हुता, आन् म्या उलट बोलून निघालो हुतो.

गावाच्या आलीकडं वढ्यात निरगुडीच्या आड घोडी बांधली. तिथनंच रानातला गलका ऐकू येत हुता. बायकांचा आवाज हुता त्यात. म्या पळाया लागलो, तर त्यांनी मनगट धरलं. म्हणले, "तू गावात जा. खोगीर हुतं तसं ठिव. तुला कुणी बघितलं तर तूबी संपलास आन् मीबी. मी गेलो तर जाऊ दे, पण खोगिराचं भ्या गेलं की तीस गावं मोकाट हुतील."

"आन् तुमी?" म्या इचारलं.

त्यांनी खोगिराच्या पिशवीतनं आपला तांब्या काढला, वढ्यात बुडवला आन् म्हणले, "मेरेकु जरा झाड्याला जायचंय."

आन् जवारीत शिरले.

मला वाटलं ह्यो माणूस येडा झाला. तरीबी म्या मागच्या आळीनं गेलो, खोगीर कट्ट्यावर टाकलं, कोनाड्यातली तिन्ही अंडी काढून त्यात ठिवली. का ठिवली, ठावं न्हाय. हुतं तसं म्हणले हुते ना. कोंबडी तिथंच घुटमळत हुती, ती लगेच चढून बसली. मंग पळत सुटलो.

बांधावर बघतो तर तात्यानं दोन तासं आडवी केलेली, हातात कोयता. म्होरं आमचा बा, हातात कुऱ्हाड. भवती दहा-बारा माणसं, पण मधी कुणी पडंना. येसू कोतवाल लांब उभा. त्यानंच चावडी रिकामी बघून गावभर केलं हुतं की सायेब गेले. बा तात्याला सांगत हुता, जमादार गेला, आता आपलं आपुन बघू. त्यो वराडत न्हवता. त्याचंच मला भ्या वाटलं. आमचा बा वराडला की कायबी हुत न्हाय.

तेवढ्यात दोघांच्या बाजूची जवारी हलली. आतनं जमादारसायेब आले. एका हातानं तुमान सावरीत, दुसऱ्या हातात तांब्या, फेट्यावर जवारीचा फुलोरा पडलेला. कुऱ्हाडीकडं बघितलं न्हाय, कोयत्याकडं बघितलं न्हाय. सकाळपासनं तिथंच हुते आन् आत्ता मोकळे हून आले, असं तोंड. तांब्या उलटा करून दाखवला आन् बाला म्हणले, "पाणी संपलं. वत जरा हातावर."

आता सायेब असं म्हणल्यावर माणूस काय करणार? बाचा पाण्याचा डेरा बांधालाच ठिवलेला. डेरा उचलायला दोन हात लागत्यात. बानं कुऱ्हाड खाली ठिवली आन् डेरा उचलला. मंग सायेब तात्याकडं वळले, म्हणले माती दे मूठभर, चांगली बारीक बघून. तात्यानं कोयता टाकला आन् खाली बसून ढेकूळ फोडाया लागला. एक भाऊ माती देतोय, दुसरा पाणी वततोय, आन् मधी जमादारसायेब सावकाश हात चोळत्यात. धुऊन झाल्यावर ते खाली बसले. कुऱ्हाड आन् कोयता, दोन्हीच्या वरच बसले.

म्या लई नकला केल्यात, लई जणांना गंडवलंय. पण त्या दिशी माझे हात आपोआप जोडले गेले. एक सबूद न्हाय वाढवला त्यांनी. कुणाला धमकी न्हाय. दोन माणसांचे हात कामाला लावले, बास.

तात्याला मात्र राहवंना. म्हणला, सायेब, चावडीवर खोगीर न्हवतं.

"न्हवतं?" म्हणले. "येसू, बघून ये बरं. डोळं उघडं ठिवून जा."

कोतवाल पळत गेला आन् चालत आला. घाम फुटलेला. म्हणला, हाय सायेब. वर कोंबडी बसलीया. अंडीबी हायत. म्याच कोनाड्यात ठिवली हुती, ती परत खोगिरात आल्यात.

कुणी हासलं न्हाय. त्या दिवसापासनं येसू कोतवालानं शिंदी सोडली ती आजवर. ही एक चांगली गोष्ट माझ्या हातनं झाली, तिची नोंद कुठंतरी असावी.

मंग सायबांनी न्याव केला. तुटलेल्या दोन तासांची कणसं तिथंच इस्तू पेटवून आगटीत घातली. म्हणले, औंदा ही चार तासं कुणाचीच न्हायत, हुरड्याची हायत, दोन्ही घरांनी एका आगटीवर बसून खायची. संपली की मोजणीदार आणून बांध टाकू. बा आन् तात्या एकमेकांकडं पाठ करून खाया बसले. आगटी इझेपतोर तोंडं समोरासमोर आली हुती. पाचव्या दिशी तात्याच्या पोरीचं बोलणं कुठं लावायचं ते बा त्याला सांगत हुता.

म्याबी त्याच आगटीवर बसलो हुतो. बा हुरडा चोळून माझ्याच हातावर टाकत हुता. सकाळी उलट बोललो त्याचं त्याला कायबी वाटलेलं दिसत न्हवतं. त्या हुरड्यावर कोथमिरीची चटणी हुती का लसणाची, इचारलं तर सांगता येणार न्हाय.

नंतर वढ्यात गेलो, मार खायाच्या तयारीनं. सायेब मैनेचे पाय धूत हुते. म्हणले, भर दिवसा दोन कोस खोगीर नेलंस, कुणाच्या नजरंला पडलं न्हाय. माझ्या शिपायांना हे जमत न्हाय, आन् माझी कंबर आता वाकत न्हाय. शुक्रवारी ठाण्यावर ये. म्या इचारलं, कशाला? म्हणले, "चोरीला. आता मी सांगंन तिथनं चोरायचं आन् मी सांगंन तिथं ठिवायचं."

बाला त्यांनी कधी सांगितलं न्हाय. मलाबी परत कधी त्या दिवसाचं बोलून दाखवलं न्हाय. ह्यो माझ्यावरचा उपकार, गुरुजी. तुमच्या यादीतला.

तवापासनं म्या कडब्याच्या पेंढ्या वाहतोय. लोकांना वाटतंय पोरगं सुधारलं, सारखं जनावराच्या वैरणीचं बघतंय. खोगिरं तीन. कुठलं कवा कुठं, ते सायेब सांगायचे. बाजार कुठल्या गावचा, जत्रा कुठं, कुणाच्या घरात वाटणी निघालीया, कुणाचा जावई बेवडा हाय, समदं त्यांच्या डोक्यात. वहीत काय न्हाय.

एकदा म्या म्हणलं, डोंगरावरची धनगराची वस्ती, पाच घरं, ती तर ठाण्याच्या तीस गावांत धरलीच न्हाय, तिथं कशाला खोगीर वाया घालवायचं? तर माझ्याकडं असं बघितलं की पेंढी डोक्यावरनं पडायची बाकी राहिली. म्हणले, लिव्हलेलं न्हाय म्हून माणसं न्हायत का? पाच घरांचीबी पाळी लागली, मोठ्या गावाइतकीच. तिथं एक म्हातारी हाय, धोंडाई. तिनं मला पकडून इचारलं, बाबा, खोगीर आलं, माणूस कवा येतंय? म्या ही गोष्ट हासत हासत सायबांना सांगितली. ते हासले न्हायत. दुसऱ्या दिशी चार तास चढून वर गेले, म्हातारीच्या दारात बसले, ताक पिले आन् खाली आले. काम कायबी न्हवतं. म्हणले, खोगिरावर कधीतरी माणूस बसलेला दिसायला पायजे, न्हायतर त्येचं वजन जातंय.

ह्ये म्या इसरत न्हाय. खोटं चालवायचं असंल तर त्येच्या खाली खरं ठिवावं लागतंय, ह्ये मला कुणी शाळंत शिकवलं न्हवतं. म्या नुसतं खोटंच करायचो.

आता सायबांची साठी झाली. नोकरी संपली. मैना गेल्या पावसाळ्यात गेली, तिला त्यांनी सवता खड्डा काढून पुरलं, गावांना अजून त्ये ठावं न्हाय. नवा जमादार अजून आलेला न्हाय, कवा येईल कुणाला ठावं न्हाय. गंगारामाचा गुडघा तसाच. आन् दिवस कसे चालल्यात ते तुमाला म्या सांगाया नको, रोज नवी लुटालूट ऐकतोय, रोज अनोळखी माणसं वाटंनं दिसत्यात.

पण खोगिरं फिरत्यात. त्यांच्या साठीनंतरबी. त्यांनीच मला सांगितलं हुतं, आता बास कर म्हून. म्या ऐकलं न्हाय. उभ्या जल्मात त्यांचं न ऐकलेलं एवढं एकच. कारण अजूनबी कट्ट्यावर त्ये तांबडं ठिगळ दिसलं की गाव हळू बोलतंय. नोकरी संपली तर काय झालं, दस्तगीर जमादार घरात बसणारे न्हायत, असंच म्हणत्यात. धोंडाईबी तेच म्हणती.

म्हून, सायेब, तुमाला शंभर वर्सं मागतोय ती नुसती रीत म्हून न्हाय. तुमच्या गुडघ्याला, कंबरंला, डोळ्याला कायबी हू नये. महिन्यातनं एकदा कुठल्यातरी गावाच्या पांदीनं तुमी चालताना दिसावं, कुणाच्यातरी दारात ताक प्यावं. तुमी हाय तवर त्या खोगिराला वजन हाय. तुमी न्हाय तर त्ये नुसतं कातडं, आन् म्या नुसता कडबा वाहणारा. देवानं, अल्लानं, दोघांनी मिळून तुमाला सांभाळावं, एकट्यावर सोपवाया माझं मन धजत न्हाय.

आन् ऐकणाऱ्यांनो, आता तुमच्या पाया पडतो. आज सकाळीच माळेवाडीच्या चावडीवर खोगीर ठिवून आलोय. मोजणी झाली, बांध पडला, पण जवारी पुन्यांदा निसवून कणसाला आलीया आन् तात्या काल बांधाकडं बघत उभा हुता. सायेब तुमच्या म्होरं ओसरीवर बसल्यात, हे तुमी डोळ्यांनी बघताय. तरीबी गावाकडं गेल्यावर कुणी इचारलं तर सांगा, आत्ताच दिसले, तांब्या घेऊन जवारीकडं निघाले हुते.

बाकीचं कुणाला सांगू नका. आमच्या बाला तर बिलकुल सांगू नका.